मराठवाड्यात राहून संसाधन व्यवस्थापन आणि पर्यावरण कायदा कसा शिकावा?

काळीमाती (परभणी)

बीएस्सी कृषी झालंय. पाणी, माती, वाळू-मुरूम यांचं व्यवस्थापन आणि त्यामागचे कायदे असं दोन्ही शिकायचं आहे. पुण्या-मुंबईला जायचं नाही. तीन वर्षांचं एलएलबी, पर्यावरणशास्त्रात एमएस्सी, की दूरस्थ पदविका? दोन्ही पदव्या एकदम करता येतात का? आणि अभ्यासाला सुरुवात कुठून करायची? बाजारातली पर्यावरण कायद्याची गाइडं चाळली. स्टॉकहोम परिषदेपासून सुरू होतात आणि जायकवाडीपर्यंत कधी पोचतच नाहीत. जाणकारांनी नेमकं सांगावं.

---

खंडपीठ_रोड (छत्रपती संभाजीनगर)

आधी पदवीचं उरकू. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठलीही पदवी चालते, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के लागतात, प्रवेश राज्याच्या लॉ सीईटीतून. संभाजीनगरला माणिकचंद पहाडे, लातूरला दयानंद, नांदेडला नारायणराव चव्हाण ही विधी महाविद्यालयं आहेत. पर्यावरण कायदा हा बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सक्तीचा विषय आहे, त्यामुळे तो सगळीकडे असतो. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ संभाजीनगरलाच आहे (२०१७ पासून), पण तिथला पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतरचा. तुम्हाला ते नंतर, एक वर्षाच्या एलएलएमसाठी कामाचं. त्याला क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

दोन नियमित पदव्या एकदम नकोच. यूजीसीने २०२२ मध्ये दोन पदव्यांना वाट मोकळी केली असली तरी एलएलबीला बार कौन्सिलचा नियम लागतो आणि तो नियमित अभ्यासक्रमांची जोडी चालू देत नाही. हजेरीही ७० टक्के लागते. एलएलबीसोबत एखादा छोटा दूरस्थ अभ्यासक्रम झेपतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाची पर्यावरण कायद्याची दूरस्थ पदविका नावाजलेली आहे, पण ती एलएलबी झाल्यावर केली तर जास्त पचते.

एमएस्सी की एलएलबी हे काम कोणतं करायचंय त्यावर ठरवा. पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना नॅबेट या मानांकन मंडळाची मान्यता लागते आणि तिथे तज्ज्ञ मोजले जातात ते भूजल, मृदसंधारण, जैवविविधता, हवा, आवाज अशा विषयांचे. कायदा त्या यादीत नाही. तिथे जायचं असेल तर एमएस्सी. हरित न्यायाधिकरण, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, कंपन्यांचं अनुपालन, संस्थांचं धोरणाचं काम हे पाहिजे असेल तर एलएलबी. कृषी पदवीवर एलएलबी ही जोडी चांगली बसते, कारण वकिलांच्या खोलीत मातीचा अहवाल वाचता येणारा माणूस सहसा नसतो.

अभ्यासाची सुरुवात निवाड्यांपासून करू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० घ्या आणि त्याचं पहिलं परिशिष्ट वाचा. न्यायाधिकरण त्यातल्या कायद्यांखालचेच वाद ऐकतं, आणि त्यात सातच कायदे आहेत: जल प्रदूषण १९७४, जल उपकर १९७७, वन संवर्धन १९८०, वायू प्रदूषण १९८१, पर्यावरण संरक्षण १९८६, सार्वजनिक दायित्व विमा १९९१ आणि जैवविविधता २००२. वन्यजीव संरक्षण १९७२ त्यात नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ नाही. महाराष्ट्राचा एकही पाण्याचा कायदा नाही. कित्येक अर्ज न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठासमोर याच पायरीवर अडखळतात.

मग मुदती. कलम १४ खालचा वाद: कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, त्यापुढे न्यायाधिकरणाच्याही हातात काही नाही. कलम १५ खालची भरपाई: ५ वर्षं अधिक ६० दिवस. कलम १६ खालचं अपील, म्हणजे पर्यावरण मंजुरीला आव्हान वगैरे: ३० दिवस अधिक ६० दिवस. ‘पहिल्यांदा’ हा शब्द वाचताना सुटतो. नाल्यात मळी तीन वर्षांपासून येतेय आणि अर्ज आज केला तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये, मागितली तर रकमेच्या १ टक्का. कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून मराठी कागदांची भाषांतरं आधीच करून ठेवायची.

निवाडे त्यानंतर, आणि मोजकेच: रतलाम नगरपालिका (१९८०), ओलियम वायू गळती (१९८७), बिछडी आणि वेल्लोर (दोन्ही १९९६), गोदावर्मन (१२ डिसेंबर १९९६ चा आदेश), कमलनाथ (१९९७), वाळू-मुरूमासाठी दीपककुमार (२०१२), आणि हरित न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं का यावर अंकिता सिन्हा (२०२१). प्रत्येकाचं सार पाठ करण्यापेक्षा तिथे कोणती वस्तुस्थिती कशी सिद्ध झाली ते टिपून काढा.

---

मुरूम_मांजऱ्या (लातूर)

वकीलसाहेबांचं बरोबर, पण संसाधन व्यवस्थापन हा अर्धा विषय त्यांनी एका ओळीत गुंडाळला. आकडा काढता आला नाही तर कलम कुठे लावणार?

मराठवाड्यात सुरुवात पाण्याच्या ताळेबंदापासून करा. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर, १० हजार लिटर. १,००० हेक्टरचं गाव धरा, पाऊस ७०० मिमी. वर्षाला ७० लाख घनमीटर पाणी पडलं, म्हणजे ७०० हेक्टर-मीटर. त्यातलं जमिनीत किती मुरलं? पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी मोजा. समजा सरासरी ४ मीटर वाढली. आपल्या झिजलेल्या बेसाल्टचा विशिष्ट जलउत्पन्नांक (खडकाच्या आकारमानातलं किती पाणी निथळून मिळतं ते) १ ते ३ टक्के असतो, हिशेबाला २ टक्के धरतात.

१,००० हेक्टर × ४ मीटर × ०.०२ = ८० हेक्टर-मीटर.

म्हणजे ८ लाख घनमीटर. यात पावसाळ्यात उपसलेलं पाणी मिळवायचं असतं (ते मुरलं आणि लगेच काढलं, म्हणून पातळीत दिसत नाही), आणि एकूणातून नैसर्गिक वहनाचे ५ टक्के वजा करायचे. आता ऊस बघा. मोकाट पाण्यावरचा ऊस हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर पितो. म्हणजे वरची सगळी वाढ ४० हेक्टर, शंभर एकर उसात संपली. माणसं, जनावरं, हरभरा, मोसंबी अजून बाजूलाच आहेत. हा हिशेब आपल्या तालुक्यातल्या गावाचा एकदा हाताने करा, पुस्तकातला ‘शाश्वत वापर’ मग शिकवावा लागत नाही.

उपसा भागिले उपलब्ध पाणी, गुणिले शंभर: ७० पर्यंत सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित, १०० च्या वर अतिशोषित. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे तालुकानिहाय अहवाल याच पायावर असतात. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा का जुळत नाही हे शोधणं हा उत्तम प्रकल्प आहे.

मोजताना हमखास होणाऱ्या चुका:

विहिरीच्या कठड्यावर रंगाची खूण करून दर वेळी तिथूनच मोजा आणि कठड्याची उंची वजा करा. पाऊण मीटरचा कठडा विसरला तर वरच्या गणितात १५ हेक्टर-मीटरची गफलत होते, अर्थात एका मोसमात वजा केला आणि दुसऱ्यात विसरला तर. मोटार बंद करून किमान रात्रभर गेल्यावर, पहाटे मोजा. वीज रात्रपाळीची असेल तर ही वेळ उलटी होते, आधी फीडरचं वेळापत्रक बघा. बोअरची पातळी आणि विहिरीची पातळी एका सरासरीत घालू नका. विहीर मुरमातलं नि मांजऱ्यातलं (मुरमाखालच्या मऊ खडकातलं) पाणी दाखवते, सहाशे-आठशे फुटांचं बोअर काळ्या पाषाणाखालच्या भेगांतलं. ती दोन वेगळी खाती आहेत.

शिकायला जागा: संभाजीनगरची वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासूनची. पदवी देणारी नाही, पण तिचं मराठीतलं प्रशिक्षण साहित्य कालवा, पाणीपाळी, पाणी वापर संस्था यावर पक्कं आहे. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र संकुल, संभाजीनगरच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्र. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, ग्रामीण विकासाच्या अंगाने जायचं असेल तर ते बघा.

---

काळीमाती (परभणी)

दोघांचेही आभार. एक प्रश्न सरावासाठी. गावच्या नळयोजनेची विहीर आहे, तिच्यापासून ३०० मीटरवर खासगी शेतात ७०० फूट बोअर पडलं आणि विहीर आटायला लागली. यात कोणता कायदा, आणि हरित न्यायाधिकरणात जाता येईल का?

---

खंडपीठ_रोड (छत्रपती संभाजीनगर)

थेट नाही. ते सात कायद्यांचं परिशिष्ट आठवून बघा. हा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ चा विषय आहे, जो १ जून २०१४ पासून लागू झाला. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरचं बंधन त्याआधीच्या १९९३ च्या कायद्यापासून चालत आलेलं आहे. नव्या कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा जास्त ते ‘खोल विहीर’, आणि अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी ती नव्याने घ्यायला मनाई. तुमच्या उदाहरणात म्हणून दोन वेगळे मुद्दे आहेत, अंतराचा आणि खोलीचा. दोन्ही वेगवेगळे लिहायचे. खोलीचा मुद्दा क्षेत्र अधिसूचित असेल तरच उभा राहतो, तेव्हा अधिसूचनेची प्रत आधी हातात घ्या.

वाट अशी: ग्रामपंचायतीचा ठराव, त्यासोबत अंतराचा पंचनामा, तहसील कार्यालयात अर्ज, भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून तांत्रिक अहवाल. राज्य भूजल प्राधिकरण म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण काम करतं. खाली कोणी हललंच नाही तर अनुच्छेद २२६ खाली रिट, औरंगाबाद खंडपीठात. पण रिटमध्ये पहिलं पान असतं ते तुम्ही कुठे अर्ज केला आणि पोच कुठे आहे याचं. पोच नसेल तर ‘आधी तिकडे जा’ म्हणून परत पाठवतात.

---

मुरूम_मांजऱ्या (लातूर)

यात अंतरापेक्षा अवघड भाग म्हणजे दोघांचं पाणी एकाच थराचं आहे हे दाखवणं. ७०० फुटांचं बोअर आणि ४० फुटांची विहीर. बोअरवाला म्हणणार, माझं पाणी खालचं, तुमचं वरचं. म्हणून केसिंग पाइप किती फूट टाकला ते विचारा. वरचे २०-३० फूटच केसिंग असेल आणि खाली उघडं भोक, तर वरच्या मांजऱ्यातलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं. विहीर आटते ती बहुतेक वेळा अशी.

चाचणी साधी आहे. दोन्ही पंप रात्रभर बंद. सकाळी विहिरीची पातळी खुणेपासून मोजा. मग फक्त बोअर चालू करा आणि विहिरीत १, २, ५, १०, १५, ३०, ६० मिनिटांनी, पुढे तासाने पातळी घ्या. विहीर मोठ्या व्यासाची, तिच्यात साठा भरपूर, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात काहीच हललं नाही तर चाचणी गुंडाळू नका, सहा-आठ तास चालवा. बोअर बंद केल्यावर पातळी परत वर येते का, तेही तेवढाच वेळ मोजा. परत चढणं हा उतरण्यापेक्षा बळकट पुरावा, कारण उतरण्याला इतर कारणं देता येतात. शेजारची तिसरी मोटार चालू राहिली तर सगळं पाण्यात.

---

नाथसागर_खाली (गंगाखेड)

नदीकाठच्या विषयांचं थोडं राहिलंय, ते लिहितो.

जायकवाडीचा वाद, म्हणजे वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा, अभ्यासायचा तर बातम्या बाजूला ठेवा आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ चं कलम १२(६)(ग) वाचा. टंचाईत खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यायची, हे त्याचं मूळ. मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ चा, प्राधिकरणाचा आदेश १९ सप्टेंबर २०१४ चा, उच्च न्यायालयाचा निकाल २३ सप्टेंबर २०१६ चा. याच क्रमाने वाचा. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). प्राधिकरणाच्या आदेशातला ६५ टक्क्यांचा निकष (साठा त्याखाली असेल तर वरून पाणी सोडायचं) म्हणजे १,४११ दलघमीच्या आसपास, तारीख १५ ऑक्टोबर. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी एवढं रूपांतर तोंडपाठ पाहिजे, कारण धरणाचे कागद दलघमीत, भाषणं टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट). त्याच कायद्याचं कलम १४(४) बारमाही पिकांना ठिबक-तुषारची अट घालतं. ते वाचून झालं की लाभक्षेत्रातून एक चक्कर मारा.

साखर कारखान्यांचं बघायचं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मिळवा. जल अधिनियमाच्या कलम २५ खाली आधी स्थापनेची संमती, मग चालवण्याची. त्यावर गाळप क्षमता, सांडपाण्याचं प्रमाण, कुठे सोडायचं ते सगळं असतं. २०१६ च्या मानकांप्रमाणे प्रक्रिया केलेलं सांडपाणी गाळलेल्या उसाच्या टनामागे १०० लिटर, शिवाय थंडाव्याच्या तळ्याचं किंवा मनोऱ्याचं १०० लिटर. बीओडी (सांडपाण्यातला मैला कुजताना लागणारा प्राणवायू) नदी-नाल्यात सोडायचं तर ३० मिग्रॅ प्रति लिटर, जमिनीवर १००. दिवसाला ५,००० टन किंवा त्याहून जास्त गाळपाला पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. ४,९०० चा असेल तर नाही. असे आकडे कागदावर दिसले की प्रत्यक्ष गाळपाचे रोजचे आकडे मागवायचे.

नमुन्याचा मुद्दा विद्यार्थ्यांना कोणी शिकवत नाही. जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे मंडळाचा अधिकारी आधी नोटीस देतो, समोरच नमुन्याचे दोन भाग करतो, दोन्ही सीलबंद, दोघांच्या सह्या. यातलं काही चुकलं तर अहवाल पुराव्यात टिकत नाही. तुम्ही स्वतः भरलेली बाटली कलम २१ चा नमुना होत नाही. पण हरित न्यायाधिकरणाला पुरावा कायद्याचे नियम बांधील नाहीत (कलम १९), तिथे ती मंडळाला तपासणीला लावण्यापुरती उपयोगी पडते. भरायची तर नीट भरा: विरघळलेल्या प्राणवायूसाठी ३०० मिलीची काचेची बाटली पाण्याखालीच भरून, बुडबुडा न ठेवता बूच, आणि जागेवरच मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड. बीओडीचा नमुना बर्फात, ४ अंशांवर, २४ तासांत प्रयोगशाळेत. आपली चाचणी २७ अंशांवर ३ दिवसांची असते, परदेशी पुस्तकातली २० अंशांवर ५ दिवसांची, ते आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका. गंगाखेडहून संभाजीनगरपर्यंत डिक्कीत उन्हात गेलेल्या बाटलीचा आकडा काहीच सांगत नाही. आणि कारखान्याच्या वरच्या अंगाचाही एक नमुना पाहिजेच. फक्त खालचा दिला तर ‘हे वरून गावाचं आलं’ हे उत्तर तयार असतं.

वाळूचं थोडक्यात: महसूल संहितेचं कलम ४८(७) आणि ४८(८), गौण खनिज नियम २०१३, जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणि घाटाचा खाणकाम आराखडा. आराखड्यातली खोली आणि पात्रातली खोली, एवढं जुळवून बघितलं तरी पुष्कळ कळतं.

---

खंडपीठ_रोड (छत्रपती संभाजीनगर)

गाइडांबद्दल एक इशारा. २०२३-२४ मध्ये बरंच बदललं आणि जुन्या नोट्स अजून झेरॉक्स सेंटरवर विकल्या जातायत.

सार्वजनिक उपद्रवाचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ (१ जुलै २०२४ पासून). रतलाम वाचताना हे शेजारी लिहून ठेवा. वन संवर्धन अधिनियमाचं नावच १ डिसेंबर २०२३ पासून वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम झालं. पर्यावरण संरक्षण अधिनियमातली पाच वर्षांची कैद १ एप्रिल २०२४ पासून गेली, तिच्या जागी १० हजार ते १५ लाखांचा दंड आला. वायू अधिनियमातही तसाच बदल.

जल अधिनियमाची २०२४ ची दुरुस्ती मात्र वेगळी आहे. मूळ कायदा अनुच्छेद २५२ खाली राज्यांच्या ठरावांवर झालेला. म्हणून दुरुस्ती त्या-त्या राज्याने ठराव करून स्वीकारल्यावरच तिथे लागते. सुरुवातीला ती हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागली. वायू आणि पर्यावरण हे कायदे अनुच्छेद २५३ खालचे, त्यांना ही भानगड नाही. परीक्षेत यावर प्रश्न येतो आणि तोंडी परीक्षेत हमखास येतो. शिवाय दुरुस्तीतही विनासंमती उद्योग चालवण्याची सहा वर्षांपर्यंतची कैद कायम आहे, ‘कैद सगळी गेली’ असं लिहिलं की गुण गेले.

---

काळीमाती (परभणी)

संमतीपत्र आणि गाळपाचे आकडे माहितीच्या अधिकारात मागायचे तर अर्ज कसा लिहावा? एका अर्जात सगळं चालेल का?

---

नाथसागर_खाली (गंगाखेड)

नाही चालणार. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. संमतीपत्र, अहवाल, निर्देश हे प्रदूषण मंडळाच्या कार्यालयाकडे, गाळपाचे आकडे साखर आयुक्तालयाच्या प्रादेशिक सहसंचालकांकडे, म्हणजे दोन अर्ज.

‘का’ आणि ‘किती प्रदूषण झालं’ असं विचारू नका, ‘ही माहिती अभिलेखात नाही’ असं उत्तर येतं. कागदाचं नाव लिहा:

‘अमुक कारखान्याचे सध्याचे चालू संमतीपत्र, सर्व अटींच्या जोडपत्रांसह, मागील १२ महिन्यांत जल अधिनियम कलम २१ अन्वये घेतलेल्या नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, कलम ३३अ अन्वये दिलेले निर्देश व त्यावरील पूर्तता अहवाल. प्रमाणित प्रती टपालाने.’

‘जोडपत्रांसह’ हे लिहायचंच, नाहीतर वरची दोन पानं येतात आणि सांडपाण्याच्या अटी मागच्या पानांवर राहतात. संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावरही असतात, आधी तिथे शोधा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतो, त्यामुळे अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाका. कागद जानेवारीत हातात येतात, गाळप चालू असतं आणि नाल्यावर जाऊन जुळवायला वेळ मिळतो. एप्रिलमध्ये आलेला अहवाल घेऊन गेलात तर नाला कोरडा सापडेल.